वाचकांची गाऱ्हाणी आणि आमचे पान

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की आम्ही किमान वेतनावर बोलू, कंत्राटी पद्धतीवर बोलू, फार तर नव्या कामगार संहितांवर बोलू. आम्ही उलट कळविले की आम्हांला आमच्या वेबसाइटच्या रंगांविषयी आणि अक्षरांविषयी बोलावयाचे आहे. लोकांनी त्यांविरुद्ध कोणती गाऱ्हाणी मांडली आणि आम्ही त्यांना काय उत्तरे दिली, हे सांगावयाचे आहे. चिटणिसांचा लगेच फोन आला. "भाऊ, विषय नक्की हाच ना?" असे त्यांनी दोनदा विचारले. विषय हाच आहे.

श्रोत्यांपैकी पुष्कळांची स्वतःची वेबसाइट नसेल. पण दुकानाची पाटी, लग्नाची पत्रिका, सोसायटीची सूचना, एखाद्या संस्थेचा अहवाल, यांपैकी काही ना काही प्रत्येकाने कधी तरी सजविलेले असते. आणि ते हौसेने दाखविले असता समोरचा माणूस म्हणतो, "हे नीट वाचता येत नाही हो." त्या क्षणी आपल्या मनात काय येते ते ज्याचे त्याला ठाऊक. आमच्या मनात जे आले त्याची किंमत दुसऱ्या एका माणसाला मोजावी लागली. म्हणून हा विषय.

आमचे शिक्षण दहावीपर्यंत. पुढे बारा वर्षे लेथवर काम केले, आणि नंतर संघटनेचे पूर्णवेळ काम. जे काही वाचले ते नगर वाचनालयात, रात्रपाळी संपवून. चित्रकलेचा वा छपाईचा आमचा अभ्यास नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कारखान्यांची दारे मिटली, आणि त्यांबरोबर आमच्या द्वारसभाही बंद पडल्या. लोकांचे फोन मात्र दिवसभर चालू. पगार मिळेल का, फंड काढता येईल का, ग्रॅच्युइटी कशी मोजतात, तेच ते प्रश्न. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, एकदा लिहून ठेवा, मी वेबसाइट करून देतो." ती संघटनेची नव्हे, आमची स्वतःची. संघटनेच्या नावाने दोन वाक्ये लिहावयाची तर कार्यकारिणीची मंजुरी लागते आणि मंजुरीला दोन महिने लागतात, हे ज्यांनी संघटनेत काम केले आहे त्यांना सांगावयास नको. संकेतस्थळ हा शब्द सरकारी कागदावर शोभतो. आमच्याकडचे लोक त्याला 'भाऊंचे पान' म्हणू लागले. आम्हीही येथे पानच म्हणतो.

रूप आम्ही ठरविले. वर लाल पट्टा, त्यात एक दातेरी चाक. महत्त्वाच्या गोष्टी ठळक लाल अक्षरांत. आणि मुख्य मजकुराखाली जे खुलासे, अपवाद, पोटनियम असतात ते बारीक, फिकट राखाडी अक्षरांत. हा राखाडी भाच्याचा आग्रह. त्याचे म्हणणे, हल्ली सगळी चांगली पाने अशीच असतात, त्याने पान मोकळे वाटते, हवा खेळते. आम्हांलाही ते देखणे वाटले. येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस-पंचवीस वर्षे आम्ही कारखान्याच्या दारावर फळा लिहीत आलो. पाळी सुटल्यावर सायकलवरून, आता मोटारसायकलवरून, जाणाऱ्या माणसाला तो न थांबता वाचता यावा, हा आमचा नियम होता. चार ओळी, हाताएवढी अक्षरे, पांढरा खडू. फळ्यावर आम्ही कधी फिकट खडूने बारीक अक्षरांत लिहिले नाही. पडद्यावर लिहावयास बसलो आणि हे सगळे विसरलो, कारण आता आम्हांला वाचला जाणारा फळा नको होता, देखणे पान हवे होते.

पहिल्या वर्षात पंचवीस-तीस जणांनी पानाच्या रूपाविषयी काही ना काही कळविले. "छान आहे भाऊ" म्हणणारे पुष्कळ. त्यांचे आभार, पण त्यांच्या बोलण्यातून काही शिकता येत नाही. कोणी म्हणाले, रंग हिरवा करा. कोणी म्हणाले, वर अक्षरे सरकती ठेवा, बसस्थानकावर असतात तशी. एकाने पुढाऱ्यांचे फोटो मागितले. कोणत्या पुढाऱ्याचे ते त्याने स्पष्ट केले नाही, पण आम्ही ओळखले. एका तरुण इंजिनिअरने लिहिले की तुमचे पान १९९० सालचे दिसते. त्याला आम्ही दीड पानाचे उत्तर पाठविले. त्यात चळवळीचा इतिहासही होता. त्याने पुन्हा कधी काही कळविले नाही.

आणि जून २०२१ मध्ये एका कारखान्याच्या हजेरी विभागात काम करणाऱ्या ताईंचा दोन ओळींचा संदेश आला. "भाऊ, खालची बारीक अक्षरे फार फिकट आहेत. आईला मी वाचून दाखवली." आम्ही उत्तर दिले, "फोनचा उजेड वाढवून पाहा."

आता पुढचे. मार्च २०२२ मध्ये सुट्या भागांच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक जुने सहकारी आमच्याकडे आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एप्रिल २०२१ मध्ये ते निवृत्त झाले होते. कामासाठी आलेच नव्हते, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यावयास आले होते. बोलता बोलता आम्ही विचारले, ग्रॅच्युइटी मिळाली का?

"नाही. ती मुदत तर कधीच गेली, भाऊ."

"कोणती मुदत?"

"तुमच्याच पानावर होती की, लाल अक्षरांत. तीस दिवस. मी बघितले तेव्हा जुलै चालू होता."

आम्ही फोन काढला आणि आमचेच पान आमच्यापुढे धरले. मोठ्या लाल अक्षरांत होते: 'अर्जाची मुदत ३० दिवस.' त्याच्याखाली फिकट राखाडी अक्षरांत तीन ओळी होत्या. सबळ कारण असल्यास उशिरा आलेला अर्जही घेतला जातो. केवळ उशीर झाला एवढ्यावरून हक्क बुडत नाही. आणि कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून ती देण्याची जबाबदारी मालकाचीच आहे. त्या वेळी १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. त्या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत हे तिन्ही मुद्दे होते आणि आम्ही ते बिनचूक लिहिले होते. आबांनी ते वाचलेच नव्हते. त्यांना तेथे काही लिहिलेले आहे हेच दिसले नव्हते. आम्ही बोट ठेवले तेव्हा ते फोन डोळ्यांपासून लांब-जवळ करीत म्हणाले, "हे होय? मला वाटले, काच खराब झाली आहे."

हिशेब सोपा होता. शेवटचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये. महिना २६ दिवसांचा धरून १५ दिवसांचा पगार १०,५०० रुपये. नोकरी १९ वर्षे. एकूण १,९९,५०० रुपये. एवढी रक्कम गेली असे समजून आबा नऊ महिने गप्प बसले होते, आणि मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढले होते. कारखान्यानेही आपण होऊन काही दिले नव्हते. अर्ज केला, दोन फेऱ्या झाल्या, रक्कम मिळाली. कर्जावर गेलेले व्याज कोणी परत दिले नाही.

आबा निघून गेल्यावर आम्ही ताईंचा जुना संदेश शोधून काढला. तारीख पाहिली. आबांनी पान उघडले त्याच्या आधी महिनाभर तो आला होता. फोनचा उजेड वाढवा, असे आम्ही लिहिले होते. उद्या एखादा कामगार आमच्याकडे येऊन म्हणाला की यंत्रापाशी अंधार आहे, आणि व्यवस्थापक त्याला म्हणाला की डोळे मोठे करून पाहा, तर आम्ही त्या व्यवस्थापकाला काय म्हटले असते, याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो.

ग्रीक चित्रकार अपेलीझ याची एक जुनी गोष्ट रोमन ग्रंथकार प्लिनी याने लिहून ठेवली आहे. अपेलीझ आपली चित्रे लोकांच्या वाटेवर मांडून स्वतः मागे लपून बसे आणि येणारेजाणारे काय म्हणतात ते ऐके. एकदा जोडे शिवणारा एक कारागीर म्हणाला की या चपलेला आतल्या बाजूने एक बंद कमी आहे. चित्रकाराने ती चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी तो कारागीर पुन्हा आला, चपल सुधारलेली पाहून त्याला हुरूप चढला, आणि त्याने पायाविषयीही बोलण्यास सुरुवात केली. तेव्हा चित्रकार बाहेर येऊन म्हणाला की जोडे शिवणाऱ्याने चपलेच्या वर जाऊ नये. ही गोष्ट सांगणारे बहुधा दुसऱ्या दिवसाचे वाक्य लक्षात ठेवतात आणि अडाण्याने तज्ज्ञांत बोलू नये असा तिचा अर्थ लावतात. आम्हांला पहिला दिवस महत्त्वाचा वाटतो. जगातला एवढा मोठा चित्रकार पडद्याआड बसून ऐकत होता, आणि ज्याचा हात रोज चपलेवर फिरतो त्याचे त्याने मुकाट्याने मानले.

पानाच्या बाबतीत तो कारागीर कोण? वाचक. त्याचा धंदा वाचण्याचा. 'मला हे दिसत नाही' असे तो म्हणतो तेव्हा त्याच्यापेक्षा मोठा अधिकारी कोणी नाही. त्याचे डोळे आमच्याकडे नाहीत. पण 'म्हणून रंग हिरवा करा' असे तो म्हणतो तेव्हा ती सूचना असते, आणि सूचना तपासावी लागते. गाऱ्हाणे आणि उपाय या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि माणूस त्या नेहमी एकाच पुडीत बांधून आणतो.

संघटनेच्या कामात हे आम्हांला पक्के ठाऊक होते. एकदा एका खात्यातले सगळे कामगार आले आणि म्हणाले, सुपरवायझरची बदली करा. आम्ही मागणीपत्रकात बदली लिहिली नाही. आधी जाऊन पाहिले. पिण्याच्या पाण्याचा नळ तीनशे पावलांवर होता आणि तेवढा वेळ जागा सोडली म्हणून तो माणूस रोज कुरकुर करीत होता. खात्यात नळ आला, सुपरवायझर तेथेच राहिला, आणि पुढे कोणी बदलीचे नाव काढले नाही. गाऱ्हाणे खरे होते. सुचविलेला उपाय चुकीचा होता. आता उपाय चुकीचा म्हणून आम्ही गाऱ्हाणेच फेकून दिले असते, तर? पानाच्या बाबतीत आम्ही नेमके तेच करीत आलो होतो. ताईंनी तर उपायही सुचविला नव्हता, नुसती अडचण सांगितली होती.

मग आम्ही फिकटपणाची चौकशी केली. अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्या उजळपणातले अंतर मोजता येते. त्याला उठावाचे प्रमाण म्हणू. दोन्ही रंग एकच असतील तर हे प्रमाण १ येते. शुभ्र पांढऱ्यावर पूर्ण काळे अक्षर असेल तर २१. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियम या जागतिक संस्थेने २००८ साली जी नियमावली प्रसिद्ध केली तिच्यात साध्या आकाराच्या मजकुरासाठी हे प्रमाण निदान ४.५ असावे आणि मोठ्या अक्षरांसाठी निदान ३ असावे असे सांगितले आहे. दोन रंगांचे क्रमांक दिले की हे गणित फुकट करून देणारी साधने मिळतात. आमचा राखाडी रंग मोजला. २.८५ आले. म्हणजे मोठ्या अक्षरांसाठी जी खालची मर्यादा तिच्याही खाली, आणि आमची अक्षरे तर बारीक.

बरे, हे मोजमाप झाले घरातल्या सावलीतले. आमचा वाचक पान कुठे वाचतो? कारखान्याच्या दारात, दुपारी तीनच्या उन्हात, काचेला तडा गेलेल्या फोनवर. उन्हाचा उजेड काचेवरून परत फिरतो, काळ्या अक्षरालाही पांढरट करतो, आणि आधीच फिकट असलेले अक्षर पार बुडून जाते. शिवाय वय. चाळिशी लागते म्हणजे डोळ्यातले भिंग ताठर होऊन जवळचे दिसेनासे होते, एवढे आपण सारे जाणतो. पण पुढे बुबुळातली बाहुलीही लहान होत जाते आणि भिंग पिवळसर होते, त्यामुळे डोळ्यात शिरणारा उजेडच कमी पडतो. चष्मा लावून जवळचे दिसू लागते, फिकटपणा मात्र चष्म्याने जात नाही. भाच्याचे वय तेवीस. त्याच्या खोलीत, त्याच्या नव्या पडद्यावर, तो राखाडी खरोखरच सुरेख दिसत होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, आणि आम्ही त्याच्या डोळ्यांवर विसंबलो.

लाल रंगाचीही झडती घेतली. लाल-हिरव्यातला फरक नीट न दिसणारे लोक सर्वत्र असतात, आणि त्यांत पुरुष फार अधिक, कारण हा दोष ज्या गुणसूत्रावरून येतो ते पुरुषांत एकच असते. त्यांतल्या काहींना लाल अक्षर काळपटच दिसते. म्हणजे लाल रंग देऊन आम्ही 'महत्त्वाचे' म्हणत होतो, ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. आता आम्ही 'महत्त्वाचे' असा शब्दच लिहितो. लाल रंगही ठेवला आहे, पण एकटा नाही. आणि मुदतीच्या वाक्याला जोडूनच, त्याच आकारात, त्याच काळ्या अक्षरात पुढचे वाक्य येते: 'उशीर झाला तरी अर्ज करा.'

एवढ्यात एका निवृत्त शिक्षकांचे पत्र आले. टपालाने. गुरुजींनी आमचे पान छापून घेऊन त्यावर लाल शाईने खुणा केल्या होत्या, शाळेच्या वहीवर करतात तशा. ते पत्र आम्ही जपून ठेवले आहे, कारण आपली देवनागरी पडद्यावर कशी बसते ते आम्हांला त्यातून कळले.

पहिली खूण ओळींमधल्या अंतरावर होती. इंग्रजी अक्षरांसाठी जे अंतर पुरते ते आपल्याला पुरत नाही. आपल्या ओळीला वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार असतात आणि खाली उकार. अंतर कमी असले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. शिवाय या वरखालच्या चिन्हांना जागा द्यावयाची म्हणून, आकडा तोच असूनही, मधले अक्षर इंग्रजीपेक्षा लहान दिसते. भाच्याने आकडे इंग्रजी पानावरून उचलले होते. दुसरी खूण जाड अक्षरांवर. बारीक आकारात अक्षर जाड केले की त्याची पोकळी बुजते. भ आणि म, घ आणि ध यांच्यात फरक तो केवढा, एक लहानशी गाठ वा वळण. आमच्या पानावर एका ठिकाणी 'भरपाई' हा शब्द गुरुजींनी 'मरपाई' असा वाचला होता, आणि समासात लिहिले होते, 'हा नवा लाभ कोणता?' तिसरी खूण मथळ्यावर. तेथे अक्षरे सुटी सुटी करण्याची इंग्रजी पद्धत वापरली होती, त्यामुळे शिरोरेघ जागोजाग तुटली होती. फाटक्या तोरणासारखी, असा गुरुजींचा शब्द. चौथी खूण दोन्ही कडा सरळ ठेवण्यावर. वर्तमानपत्रात ते शोभते. फोनच्या अरुंद पडद्यावर 'भविष्यनिर्वाहनिधीसंबंधीच्या' यांसारखा लांब शब्द मावला नाही की खाली ढकलला जातो, आणि वरच्या ओळीतल्या दोन-तीन शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडे पडतात. आता आमच्या पानाची उजवी कड वेडीवाकडी आहे आणि आमचे डोळे त्याला सरावले आहेत.

शेवटची खूण ल आणि श या अक्षरांवर होती. ती अक्षरे हिंदी वळणाची होती. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेसंबंधी जो निर्णय काढला त्यात पाकळीचा ल आणि देठाचा श सांगितला आहे. प्रथम आम्हांला वाटले, हा गुरुजींचा सोवळेपणा. यावाचून कोणाचे अडले आहे? पण उपाय इतका सोपा निघाला की लाज वाटली. पानाच्या पोटात ते कोणत्या भाषेत आहे ते नोंदविण्याची एक जागा असते. तेथे हिंदी लिहिलेले होते. ते मराठी केले आणि अक्षरे आपोआप बदलली, कारण चांगल्या फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा पाहून त्यांची निवड होते. जे गाऱ्हाणे आम्ही हौशी म्हणून बाजूला ठेवणार होतो ते अर्ध्या मिनिटात मिटले. तेव्हापासून आम्ही नियम केला आहे की गाऱ्हाणे क्षुल्लक आहे की नाही हे ठरविण्याआधी ते दूर करावयास किती वेळ लागतो ते विचारावे.

सगळेच मानावे असे मात्र नाही. सरकती अक्षरे आम्ही आणली नाहीत. हळू वाचणाऱ्या माणसाच्या हातून ती निसटतात. पुढाऱ्यांचे फोटो नाहीत. हिरवा रंग नाही. का हवा याचे कारण मागितले तर सांगणाऱ्यालाही सांगता आले नाही. दोन गाऱ्हाणी एकमेकांविरुद्ध आली तर काय करावे? आमच्याकडे तरुण म्हणत, अक्षर फार मोठे. वडीलधारे म्हणत, फार लहान. शोधता शोधता कळले की दोन बोटांनी पान मोठे करण्याची फोनवरची सोय भाच्याने बंद करून टाकली होती, मांडणी विस्कटू नये म्हणून. वर सांगितलेल्या नियमावलीतच आहे की अक्षर दुपटीने मोठे केले तरी मजकूर न कापता वाचता आला पाहिजे. ती सोय मोकळी केली आणि ज्याने त्याने आपल्यापुरता निकाल लावला. भांडण अक्षराच्या आकाराचे नव्हतेच, आकार कोणाच्या हातात असावा याचे होते.

येथवर यश आल्यावर आम्हांला थोडी धुंदी चढली. सुधारणाच करावयाची तर पुरती करू म्हणून आम्ही वरचा लाल पट्टा आणि दातेरी चाकही काढून टाकले. त्या चित्रात माहिती काय होती? काहीच नाही. पान स्वच्छ, पांढरे, झाले. दोन दिवसांत फोन येऊ लागले. "भाऊ, हे तुमचेच पान का? बँकेचे वाटते." एकाने तर फंडाचा क्रमांक लिहिताना हात आखडता घेतला, कारण त्याच्या मेव्हण्याला असल्याच पांढऱ्या पानावर कोणी तरी फसविले होते. पट्टा आणि चाक ही आमच्या लेखी सजावट होती. वाचकांच्या लेखी ती सही होती.

लंडनमध्ये असेच एकदा झाले आहे. तेथल्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक नावाच्या एका ड्राफ्ट्समनने १९३१ साली रेखाटला. खऱ्या अंतरांचा हिशेब सोडून त्याने सगळे मार्ग सरळ रेषांत मांडले. कचेरीने तो आधी नाकारला आणि जानेवारी १९३३ मध्ये छापला. त्या पहिल्या घडीपत्रकाच्या दर्शनी बाजूवरच लोकांनी आपली मते कळवावीत अशी विनंती होती. हे आम्हांला फार आवडते. त्या नकाशात जमिनीवरची एकच गोष्ट ठेवली होती, थेम्स नदी. सप्टेंबर २००९ मध्ये नकाशातली गर्दी कमी करावी म्हणून नदी पुसून टाकण्यात आली. आगगाडीत बसलेल्याला भुयारात नदीचा उपयोग काय? पण लोकांनी ओरड केली. आपण नदीच्या या काठी की त्या काठी, यावरून ते सबंध शहर मनात लावून घेत होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नदी परत आली. आमचा लाल पट्टा आठवड्यात परत आला.

आता गाऱ्हाणे आले की आम्ही काय करतो? पहिल्या दिवशी उत्तर देत नाही, कारण पहिल्या दिवशीचे उत्तर आमचे नसते, आमच्या रागाचे असते. दुसऱ्या दिवशी आभार मानून एकच प्रश्न विचारतो: तुम्ही काय वाचत होता, कोठे बसला होता आणि फोन कोणता होता? याच्या उत्तरात बहुतेक वेळा अर्धे काम होते. मग वहीत नोंद. संघटनेच्या तक्रारवहीसारखीच ती आखली आहे: तारीख, गाऱ्हाणे, चौकशी, निर्णय, उत्तर दिल्याची तारीख. जे मानले ते कळवितो आणि जे मानले नाही तेही कारणासह कळवितो. न मानलेल्याचे कारण लिहावयास बसलो की काही वेळा आमच्याच लक्षात येते की आपल्याजवळ कारण नाही, नुसता हट्ट आहे.

गाऱ्हाणे येण्याची वाटही आता आम्ही पाहत बसत नाही. आबांनी गाऱ्हाणे केलेच नव्हते, हे विसरता येत नाही. ज्याला दिसत नाही त्याला, आपल्याला काही दिसत नाही, हे कळणार कसे? म्हणून चहाच्या टपरीवर एखाद्याच्या हातात फोन देतो आणि सांगतो, "जादा कामाचा दर काय, तेवढे शोधून द्या." मग गप्प बसतो. भाषणे करण्यात जन्म गेलेल्या माणसाला असे बसणे किती जड जाते ते श्रोत्यांना समजेल. तो चुकीच्या जागी बोट लावतो, परत फिरतो, डोळे बारीक करतो, आणि आम्ही जीभ चावून पाहत राहतो. जेकब नील्सन नावाच्या तज्ज्ञाने २००० साली लिहिले की अशा पाच माणसांना पाहिले तरी पानातल्या बहुतेक अडचणी उघड होतात. आमचा अनुभव असा की पहिल्या दोघांतच आपला गर्व उतरतो.

ताईंना आम्ही एप्रिल २०२२ मध्ये पत्र लिहिले. आबांची हकीकत सांगितली, नाव न घेता, आणि फोनचा उजेड वाढवा असे लिहिल्याबद्दल माफी मागितली. चार दिवसांनी उत्तर आले. आईला आता स्वतः वाचता येते असे त्यांनी लिहिले होते. खाली आणखी एक ओळ होती: किमान वेतनाचा तक्ता फोनवर उजवीकडे कापला जातो, शेवटचा रकाना दिसत नाही. तक्ता तोडून प्रत्येक उद्योगाची वेगळी चौकट केली. मागच्या महिन्यात त्यांचा पुन्हा संदेश आला आहे. चौकटी झाल्या ते बरे झाले, पण आता दोन उद्योगांच्या दरांची तुलना करता येत नाही. वहीत नोंद केली आहे. भाचा परीक्षेत गुंतला आहे. तो मोकळा झाला की पाहू.